तसबीर कुणाची, हात कुणाचा

डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात मोगल काळातले एक लहानसे चित्र आहे. जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर आहे आणि बैल माशावर उभा आहे. बादशहाने धनुष्य ताणून समोरच्या भाल्याच्या टोकावर खोचलेल्या एका काळ्या मुंडक्यावर बाण सोडला आहे. मुंडक्यावर घुबड बसले आहे. चित्रकार अबुल हसन, काळ साधारण १६१६. मुंडके मलिक अंबरचे.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत शहानवाज खानाच्या फौजेने अंबरचा पराभव केला. ती लढाई झाली आमच्या जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यातल्या रोषणगावाजवळ. पाठोपाठ मोगलांनी अंबरची खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, लुटून उजाड केली. पण अंबर काही त्यांच्या हाती लागला नाही. त्याने पुन्हा फौज उभी केली, १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना धूळ चारली आणि १६२६ साली, वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावर, तो आपल्या मरणाने गेला. त्याची कबर खुलदाबादला आहे. चित्रातला प्रसंग कधीच घडलेला नाही. जहांगीर लढाईच्या वेळी अजमेरला होता आणि अंबरने मोगल दरबारात आयुष्यात कधी पाऊल टाकले नाही. मग दरबारी चित्रकाराला त्याचा चेहरा मिळाला कुठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी दरबारी तसबिरींच्या हाताने केलेल्या नकलांकडे वळलो. मी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली, तेवढाच काय तो अधिकार. पोटापाण्याचे काम हिशेबाचे. जालना म्हणजे बियाणे आणि सळई असे बाहेरचे लोक समजतात, आणि ते फारसे चुकीचेही नाही. पण गेली वीस-बावीस वर्षे सुटीच्या दिवशी गावोगावच्या शाळा, वाचनालये, ग्रामपंचायती आणि तालमी हिंडून भिंतीवरच्या हातरंगी तसबिरी पाहण्याचा नाद मला लागला आहे. त्यातून जे मत बनले ते इथे मांडतो. आपण या तसबिरी मूळ चित्राशी जुळतात की नाही एवढेच पाहतो आणि न जुळल्या की मोडीत काढतो. माझ्या मते नकलेत काय राहिले, काय गळाले आणि काय नव्याने आले हे वाचायला हवे, कारण मूळ म्हणून आपण ज्याचा आधार घेतो ते चित्रही बहुतेक वेळा एक नक्कलच असते.

मराठीत 'नक्कल' या शब्दाचे दोन संसार आहेत. तहसिलात सातबाराची नक्कल 'काढतात' आणि वर्गात मास्तरांची नक्कल 'करतात'. काढलेल्या नकलेला सही-शिक्क्याचा मान असतो, ती कोर्टात चालते. केलेली नक्कल हसण्यावारी जाते. चित्रांच्या बाबतीत आपण हा भेद विसरलो आणि सगळ्याच नकलांना दुसऱ्या खात्यात टाकले. दरबारी कारखान्यात तसे नव्हते. तिथे नक्कल हा कामाचा रोजचा भाग होता. हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर मूळ चित्राची रेषा उतरवून घेत. त्याला चर्बा म्हणत. चर्ब्याच्या रेषेवर बारीक सुईने टोचे मारायचे, तो कोऱ्या कागदावर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून आपटायची. खाली ठिपक्याठिपक्यांची आकृती उमटते. ती रेषेने जोडून घेतली की नव्या तसबिरीचा सांगाडा तयार. आमच्याकडे रांगोळीचे छाप कागदाला भोके पाडून घरोघरी करतात, त्याच जातीची ही युक्ती. एकदा एखाद्या सरदाराचा चेहरा असा चर्ब्यात आला की तो माणूस परत समोर बसण्याची गरज उरत नसे. शत्रूचा चेहरा तर असाच यायचा. अंबरचे मुंडके अबुल हसनच्या कागदावर आले त्याचा मार्ग हाच असावा, दुसरा मला तरी सुचत नाही.

नकलेची त्या दरबारात किती कदर होती, याची एक गोष्ट इंग्रज वकील सर टॉमस रो याने लिहून ठेवली आहे. साल तेच, १६१६, ठिकाण अजमेर. रोने जहांगीरला एक छोटी इंग्रजी तसबीर दाखवली. आपला चितारी हिची हुबेहूब नक्कल करील, तुला ओळखता यायची नाही, अशी बादशहाने पैज मारली. काही दिवसांनी रात्री मेणबत्तीच्या उजेडात रोपुढे सहा तसबिरी ठेवल्या, एक त्याची आणि पाच नकला. रोने अखेर आपली ओळखली, पण ओळखताना आपण गोंधळलो हे त्याने कबूल केले आहे. बादशहा खूश झाला. हाच जहांगीर आपल्या आत्मचरित्रात मोठ्या तोऱ्याने सांगतो की, एका चित्रात अनेकांनी हात घातला असला तरी कुठला चेहरा कुणाचा, आणि चेहरा एकाचा व डोळे-भुवया दुसऱ्याच्या असतील तर तेही मी सांगू शकतो. म्हणजे नक्कल आणि कर्ता या दोन्ही गोष्टींचे भान त्या काळी एकाच डोक्यात सुखाने नांदत होते. आपण मात्र नकलेला कर्ता असतो हेच मानायला तयार नसतो.

शिवाजी महाराजांच्या तसबिरींचा मुद्दा इथे आपोआप येतो, आणि तो जालन्याच्या माणसाला टाळताही येत नाही. नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांच्या फौजेने जालन्याची पेठ लुटली. ती त्यांची शेवटची मोठी स्वारी. एप्रिल १६८० मध्ये ते गेले. आज ज्यांना आपण महाराजांची अस्सल चित्रे म्हणतो, त्यांपैकी ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले चित्र हे याच सुमाराला, १६८० च्या दशकात, गोवळकोंड्याकडे तयार झालेल्या संचांमधले आहे. या संचांचा धंदा समजून घेतला पाहिजे. डच आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांना हिंदुस्थानच्या राजे-सरदारांचे चेहरे हवे होते. गोवळकोंड्याचे चितारी मोगल बादशहा, शहाजादे, आदिलशहा, कुतुबशहा आणि त्यांचे वजीर अशा तसबिरींचे संच त्यांना विकत. तोच चेहरा, तीच पगडी, तोच उभे राहण्याचा ढंग एका संचातून दुसऱ्या संचात जाई, कारण मागे चर्बा तोच असे. त्या रांगेत महाराजही उभे आहेत. निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या माणसाने मीर मुहंमद नावाच्या चिताऱ्याकडून स्वतःसाठी असाच एक संच करून घेतला. त्यातले महाराजांचे घोड्यावरचे चित्र, भोवती पायी चालणारे सैनिक, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

याचा अर्थ सरळ आहे. आपली सर्वांत जुनी शिवचित्रे पेठेत विकायला केलेल्या हातरंगी तसबिरी आहेत. त्यांचा कर्ता जालन्याच्या मामा चौकात पाटी रंगवणाऱ्या पेंटरचाच पूर्वज आहे. यात महाराजांचा काही उणेपणा नाही, आणि त्या चित्रांचे मोलही घटत नाही. उलट ज्या राजाने आपल्या पदरी चिताऱ्यांचा मोठा कारखाना ठेवल्याचे दिसत नाही, त्याचा चेहरा परक्या मुलखातल्या बाजाराने जपला, ही इतिहासातली एक विलक्षण घटना आहे.

पुढची साखळी आणखी मजेची. डच पाद्री व्हॅलेंटाइन याने १७२४ ते १७२६ या काळात ईस्ट इंडीजवर जो मोठा ग्रंथ छापला, त्यात महाराजांचे ताम्रपटावर कोरलेले चित्र आहे. भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे पुस्तकांतून फिरत होते, तेव्हा वा. सी. बेंद्रे यांनी व्हॅलेंटाइनचे हे चित्र पुढे आणून तो घोळ मिटवला. बेंद्रे यांचे हे ऋण मोठे आहे. पण चित्र म्हणून त्याच्याकडे पाहा. कोरीव चित्राला रंग नसतो. पगडीचा रंग कोणता, अंगरख्याचा कोणता, कांती कशी, यातले काहीही तो ताम्रपट सांगत नाही. शिवाय तांब्यावर कोरलेली आकृती कागदावर उलटी उमटते. कोरणाऱ्याने आधीच उलटी कोरली नसेल तर उजवा हात डावा होतो. म्हणजे या चित्रावरून ज्या कुणी पहिल्यांदा रंगीत तसबीर केली असेल, त्याला निम्मे चित्र स्वतःच ठरवावे लागले असणार. आपण ज्याला नक्कल म्हणून बाजूला सारतो त्यात निर्णय किती असतात, हे इतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पेशवाईतही तेच. लंडनच्या टेट संग्रहालयात पुण्याच्या दरबाराचे प्रचंड तैलचित्र आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट १७९० चा तह सवाई माधवरावांच्या दरबारात पुरा करतो आहे. चित्र पुरे केले टॉमस डॅनियलने, १८०५ साली, इंग्लंडात. चेहरे आले ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात काढलेल्या अभ्यासचित्रांवरून. आता गंमत अशी की वेल्स मुंबईत उतरला तोच १७९१ साली, म्हणजे तहानंतर. आणि १७९५ साली तो वारला. दरबार पाहिला नाही अशा एकाने चेहरे टिपले आणि दरबार पाहिला नाही अशा दुसऱ्याने त्यांना ओळीने बसवले. तरी आज सवाई माधवरावांचा दरबार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तेच चित्र येते.

आता जिल्ह्यातल्या भिंतींकडे येतो. इथल्या हातरंगी तसबिरींचा बहर माझ्या पाहण्यात साधारण साठ ते नव्वदच्या दशकातला. कर्ते दोन प्रकारचे. एक शाळेतले चित्रकला शिक्षक आणि दुसरे पेंटर, म्हणजे दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, निवडणुकीच्या भिंती आणि टॉकीजचे बोर्ड रंगवणारे. दुसऱ्या प्रकाराला नाक मुरडण्याचे कारण नाही. राज्य शासनाने मान्य केलेले, सगळ्या कचेऱ्यांत दिसणारे महाराजांचे चित्र ज्यांनी रंगवले ते कोल्हापूरचे जी. कांबळे हे सिनेमाची पोस्टरे रंगवण्यात मुरलेले चित्रकार होते. मोठ्या मापात, लांबून पाहणाऱ्यासाठी, एका नजरेत ठसेल असा चेहरा काढण्याची विद्या त्यांनी पोस्टरातच कमावली, असे मी समजतो.

पेंटरची पद्धत ठरलेली. कॅलेंडर, पुस्तकाचे चित्र किंवा दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ घ्यायचे, त्यावर पेन्सिलीने चौकोन पाडायचे, हार्डबोर्डावर तेवढेच मोठे चौकोन पाडायचे आणि एकेक घर भरत जायचे. चर्ब्याची जागा चौकोनांनी घेतली. फरक असा की चर्बा माप बदलू देत नाही, चौकोन बदलू देतात. बोटभर लांबीचा चेहरा वीतभर झाला की जिथे मुळात एक रेघ होती तिथे पेंटरला गाल, जबडा, मानेची शीर हे सारे नव्याने रचावे लागते. तिथे त्याच्या डोक्यातले दुसरे चेहरे मदतीला येतात. मी पाहिलेल्या महाराजांच्या तसबिरींत टॉकीजच्या जमान्यातल्या नटांचे गाल मला अनेकदा भेटले आहेत.

परतूर तालुक्यातल्या एका जुन्या वाचनालयात महाराजांची एक तसबीर आहे. गावाचे नाव देत नाही, कारण तिथल्या मंडळींनी तशी विनंती केली. हार्डबोर्डावर तैलरंग, दीड हात बाय दोन हात. पार्श्वभूमीचा करडा रंग पातळ झाला आहे, त्यामुळे खालचे पेन्सिलीचे चौकोन अजून दिसतात. चेहरा एकचष्मी आहे, म्हणजे एका बाजूने पाहिलेला, एकच डोळा दिसणारा. जहांगीरच्या काळापासून दरबारी तसबिरीचा हाच शिरस्ता पडला होता. एकचष्मी चेहऱ्यातला राजा आपल्याकडे पाहत नाही. तो आपल्याच उंचीवरच्या कशाकडे तरी पाहतो. बघणारा त्याच्या लेखी तिथे नसतोच. माझ्या मते दरबारी तसबिरीचा सगळा दबदबा या न पाहण्यात आहे.

या पेंटरने नाक, कपाळ, दाढी, सगळे एका बाजूचे ठेवले. पण डोळा त्याने पुरा काढला, बदामी, दोन्ही कोपरे असलेला, समोरून पाहिल्यासारखा. राजस्थानी चित्रांतही एकचष्मी चेहऱ्यात असा मोठा डोळा असतो, पण परतूरकडच्या पेंटरने ती चित्रे पाहिली असतील असे वाटत नाही. त्याने तो डोळा देवाच्या कॅलेंडरातून आणला. त्या डोळ्यामुळे महाराज बाजूला पाहतही आहेत आणि आपल्याकडेही पाहत आहेत. शरीरशास्त्राच्या हिशेबाने ही चूक आहे. पण मी त्या तसबिरीपुढे बराच वेळ बसलो आणि मला वाटले, इथे दोन वेगवेगळ्या पाहण्याच्या रीतींची गाठ पडली आहे. दरबारात मुजरा करायचा असतो, तिथे राजाने आपल्याला पाहिलेच पाहिजे असे नाही. देवळात दर्शन घ्यायचे असते, तिथे देवाने पाहिले नाही तर फेरी फुकट. पेंटरने मुजऱ्याची तसबीर दर्शनाची केली, आणि तीही अर्धीच. तेजोवलय त्याने अर्थात काढले आहे, आणि ते पक्के हिंदू आहे असे तो समजत असणार. मोगल तसबिरीत तेजोवलय रूढ झाले ते पाद्र्यांनी आणलेल्या ख्रिस्ती चित्रांच्या ओढीने, हे त्याला कुणी सांगितले असते तर त्याने काय केले असते, याचे मला कुतूहल आहे. बहुधा तरीही काढले असते.

आणखी एक गोष्ट गळालेली दिसते. दख्खनी आणि मोगल तसबिरींत राजांच्या हाती पुष्कळदा फूल असते. तलवार कमरेला आणि फूल बोटांत. शौर्याबरोबर रसिकताही दाखवायची ही खूण. आमच्याकडच्या पाटीवर फूल मी एकदाही पाहिलेले नाही. हात असला तर तलवारीच्या मुठीवर. फूल नाहीसे झाले ही बारीक गोष्ट मानू नये. आपला राजा आपल्याला कसा हवा, याचे उत्तर त्या रिकाम्या बोटांत आहे.

पण हे सगळे मला ज्या कामातून नीट उमगले ते पुन्हा अंबरचेच. अंबरचे दुसरे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. काढणारा हाशिम, काळ १६२० च्या आसपास, दरबार तोच जहांगीरचा. ज्या दरबाराने त्याचे मुंडके भाल्यावर चढवले, त्याच दरबाराच्या चिताऱ्याने चार-पाच वर्षांनी त्याला उभे केले ते पुऱ्या मानाने. जाड अंगाचा, वय झालेला, पांढऱ्या झिरझिरीत जाम्यातला, एकचष्मी चेहऱ्याचा हबशी वजीर. कुठेही टिंगल नाही. शत्रूच्या चेहऱ्यावर एवढी मेहनत घेणारा तो हाशिम मला फार मोठा वाटतो.

या तसबिरीची हातरंगी नक्कल जिल्ह्यात कुठे असेल म्हणून मी पुष्कळ शोधले. एकही सापडली नाही. जिथल्या मातीत तो लढला, हरला आणि पुन्हा उठला, तिथे त्याची पाटी नाही. म्हणून जुन्या जालन्यातल्या एका पेंटरला मी पुस्तकातले चित्र दिले आणि नक्कल करायला सांगितले. वय पंचाहत्तरच्या पुढे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. टॉकीजचे बोर्ड रंगवण्यात उमर गेली. हात आता थोडा थरथरतो, पण ब्रश बोर्डाला टेकला की थांबतो. दहा-बारा दिवसांनी बोलावले. चौकोन बरोबर, अंगलट बरोबर, जाम्याच्या चुण्यासुद्धा मोजून. चेहरा मात्र गव्हाळ. झिंक व्हाइट आणि यलो ऑकरचे तेच मिश्रण, जे महाराजांनाही लागते आणि नटालाही.

मी म्हटले, "अण्णा, पुस्तकात तर काळा आहे."

"दिसतंय की सर. पण सरदार माणूस एवढा काळा काढला तर बघणारा म्हणंल, पेंटरला रंग बसला नाही."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अण्णांच्या मनात अंबरबद्दल काही वाकडे नव्हते. पन्नास वर्षे गिऱ्हाइकाने त्यांना जे शिकवले तेच ते बोलत होते. गोरेपणा ही आमच्या तसबिरींत व्यक्तीची खूण उरलेली नाही, ती पदाची खूण झाली आहे, डोक्यावरच्या तुऱ्यासारखी. छापील कॅलेंडरांनी ती पक्की केली. आणि म्हणूनच अंबरची पाटी जिल्ह्यात नाही, असा माझा तर्क आहे. त्याला कुणाचा विरोध होता असे नाही. जो रंग लावल्यावर सरदार सरदार दिसतो, तो रंग त्याला लावता येत नाही, एवढीच अडचण.

अण्णांनी चेहरा पुन्हा केला. मी फक्त पुस्तक जवळ ठेवायला सांगितले. बर्न्ट अंबर, त्यात थोडा निळा, कपाळाच्या उंचवट्यावर तांबूस झाक. संध्याकाळी मागे सरकून त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आता जामा उजळला बघा." जाम्याला त्यांनी हात लावलेला नव्हता. चेहरा गडद झाल्याबरोबर शेजारचे पांढरे जिवंत झाले होते. हाशिमच्या चित्रात मलमल इतकी पारदर्शक का वाटते, याची फोड मी पुस्तकांतून शोधत होतो. ती अण्णांच्या बोर्डावर सापडली. गव्हाळ चेहऱ्याबरोबर तो जामा नुसता सदरा होता.

हाताने केलेल्या नकलेचे हे काम छापील प्रत करीत नाही. छापील प्रतीत काळा आणि पांढरा दोन्ही एकदम येतात, त्यांचे आपसातले देणेघेणे कुणाला करावे लागत नाही. नकलाकाराला ते करावेच लागते, आणि करताना मूळ चित्रकाराने कुठे जोर लावला होता ते त्याच्या मनगटाला कळते. आमच्या शेजारी अजिंठ्यालाही हेच झाले. रॉबर्ट गिलने वीसेक वर्षे खपून केलेल्या नकला १८६६ च्या आगीत लंडनजवळ जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ अशी पुन्हा मेहनत केली, त्यातल्याही कित्येक आगीत गेल्या. जे उरले त्याला आज अभ्यासक प्रमाण मानतात, कारण भिंतीवरचा तो भाग आता तसा राहिलेला नाही. त्याच लेण्यातल्या एका दरबार-चित्राला फर्ग्युसनने पुलकेशीच्या दरबारातला इराणी वकील ठरवून टाकले आणि लेणे क्रमांक एक पुलकेशीच्या शे-सव्वाशे वर्षे आधीचे असूनही ती ओळख लोकांच्या तोंडून अजून जात नाही. नक्कल जपते, तशी दिशाभूलही करते. म्हणूनच ती कुणी, कशावरून केली हे ठाऊक असायला हवे.

आणि नेमके तेच आता पुसले जात आहे. फ्लेक्स आला तेव्हा पेंटरांच्या पाट्या गेल्या, हे सगळ्यांनी पाहिले. तसबिरी त्यानंतर हळूहळू गेल्या. शाळेला रंग दिला की जुनी तसबीर उतरते आणि तिच्या जागी संगणकावर घासून गुळगुळीत केलेला, पापणीचे केस मोजता येतील असा महाराजांचा चेहरा लागतो. कुणी म्हणतात हा खरा. खरा कशावरून, हे विचारल्यावर उत्तर येत नाही. दुसरीकडे काही जाणकार मित्र आहेत. त्यांचा आग्रह असा की परदेशी संग्रहालयांतली चित्रेच लावावीत आणि बाकीची चुकीची म्हणून उतरवावीत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हा आग्रह मला पटत नाही. भिंतीवर राइक्सम्युझियमचे चित्र जरूर लावा. त्याच्या शेजारी परतूरकडच्या पेंटरचा पुरा डोळाही राहू द्या. एक सतराव्या शतकातल्या बाजाराने महाराज कसे पाहिले ते सांगते आणि दुसरे विसाव्या शतकातल्या मराठवाड्याने कसे पाहिले ते सांगते. निजामाच्या राज्यातून १९४८ साली सुटलेल्या मुलखातल्या एका वाचनालयाने वर्गणी काढून पहिली तसबीर कुणाची करून घेतली, हाही इतिहासच आहे.

मी सध्या एक साधी वही करतो आहे. गाव, इमारत, माप, कशावर रंगवले, कशावरून रंगवले, कर्त्याचे नाव कळले तर नाव. आतापर्यंत जिल्ह्यातल्या एकोणसाठ तसबिरी नोंदल्या. त्यातल्या सोळांवर सही आहे. चौदा तसबिरी मी पहिल्यांदा पाहिल्या तिथे आता नाहीत.

परतूरकडची ती तसबीर नव्या रंगकामानंतर खाली उतरली. यंदा आषाढात गेलो तेव्हा ती कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली होती. त्यामुळे पाठ प्रथमच पाहायला मिळाली. हार्डबोर्डाच्या खरबरीत बाजूवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले आहे, 'दिवाळी अंकाच्या कव्हरवरून. फ्रेम वेगळी.' खाली एक आकडा, बहुधा मजुरीचा, तो पुसट झाला आहे. मी पाठीचा फोटो घेतला. ग्रंथपाल भले गृहस्थ. त्यांनी तसबीर परत जागेवर सरकवायला हात लावला आणि म्हणाले, "तोंड भिंतीकडंच राहू द्या सर, धूळ बसत नाही."